उद्योगमहर्षी कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : एका उमेदवारीची हकीकत

स्मरणिकेत ज्ञातीतील दानशूर गृहस्थांची व मानकऱ्यांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. यंदा मात्र संपादक मंडळाने चरित्रलेखनाचे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही मुद्दाम ज्ञातीबाहेरच्या एका पुरुषाचे नाव सुचविले. ज्ञातिबांधवांच्या बैठकीत हल्ली एकच विषय वारंवार निघतो. मुलगा शिकला, पदवी झाली, अर्ज धाडून दोन वर्षे झाली, पुढे काय? कोणी म्हणतो, एखादा धंदा काढून द्यावा. लगेच दुसरे वडीलधारे मान हलवून सांगतात की धंदा आपल्या रक्तात नाही. शाळेत तीस-बत्तीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्याने हे वाक्य इतक्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे की, त्याची शहानिशा एकदा करावी असे मनात होते. त्यासाठी किर्लोस्करांचे चरित्र आम्हांस सर्वांत सोयीचे वाटले. कारण धंदा त्यांच्याही रक्तात नव्हता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या मलप्रभाकाठच्या गावी झाला. 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गुर्लहोसूरचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित होते. अशा घरातील मुलाने पोथी हाती घ्यावी किंवा फार तर इंग्रजी शिकून कचेरीत चिकटावे, याहून निराळी अपेक्षा कोण करणार? लक्ष्मणरावांचे लक्ष मात्र पुस्तकात नसून चित्रे काढण्यात व यंत्रे खोलून पाहण्यात होते. शाळेच्या भाषेत अशा मुलाला आम्ही मास्तर मंडळी काय म्हणतो, हे वाचकांस ठाऊकच आहे.

१८८५ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकण्यास गेले. वडिलांची संमती नव्हती. पाठीशी उभे राहिले ते वडील बंधू रामूअण्णा. या रामूअण्णांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण या हकीकतीत आमच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व लक्ष्मणरावांच्या खालोखाल आहे.

दोन वर्षे चित्रकलेत गेली आणि मग असे आढळून आले की, लक्ष्मणरावांच्या दृष्टीत अंशतः रंगांधत्व आहे. काही रंगांतील भेद त्यांस उमगत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा घाला कोणता पडावा? वडिलांचा विरोध पत्करून, भावाच्या भरवशावर मुंबईस राहावे, आणि दोन वर्षांनी कळावे की ज्यासाठी आलो ते या डोळ्यांना साधणारच नाही! अशा प्रसंगी पुष्कळ मुले गावी परत येतात आणि जन्मभर नशिबाला बोल लावतात. लक्ष्मणरावांनी कुंचला खाली ठेवला, पण पेन्सिल ठेवली नाही. यांत्रिक आरेखनास, म्हणजे यंत्राच्या भागांची मापाबरहुकूम चित्रे काढण्यास, रंग लागत नाहीत. रेषा सरळ आणि नजर अचूक लागते. त्या विषयात ते इतके तयार झाले की, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आज जी वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते त्या संस्थेत, यांत्रिक आरेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. फावल्या वेळी ते तेथील कर्मशाळेत जाऊन यंत्रांवर काम करीत. शिकविण्याचा पगार मिळत होता आणि शिकण्याची फी पडत नव्हती.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एका माणसाला सायकलीवर बसून जाताना पाहिले. आज सायकलीचे कोणास काय वाटणार? त्या काळी मात्र ही श्रीमंत हौशी लोकांची वस्तू होती, आणि एकेकीची किंमत कित्येक शेकड्यांच्या घरात असे. बेळगावासारख्या छावणीच्या व कचेऱ्यांच्या गावी अशी गिऱ्हाइके थोडी का होईना पण निघतील, असा हिशेब दोघा भावांनी केला. लक्ष्मणरावांनी मुंबईत पारखून सायकली घ्याव्या व बेळगावास धाडाव्या. रामूअण्णांनी त्या विकाव्या, आणि घेणाऱ्यास बसावयास शिकवावेही. शिकवणीची फी निराळी. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंच्या नावाने हे छोटेसे दुकान सुरू झाले. आजचा किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म याच सालापासून मोजतो.

येथे थोडे थांबावेसे वाटते. सायकलीच्या दुकानात मोठे शास्त्र नाही. पण त्या दुकानात दोघा भावांनी जे गिरविले ते पुढे कोठल्याही कारखान्यात उपयोगी पडणारे होते. वस्तू नवी असली की ती वापरण्याची रीतही विकणाऱ्यानेच शिकवावी लागते. नाही तर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी पडते, ढोपर फोडून घेते आणि गावभर वस्तूची नालस्ती करते. शिकविलेल्या गिऱ्हाइकाची वस्तू बिघडली तर दुरुस्तीसही तेच दुकान हवे. विक्री, शिकवण व दुरुस्ती या तिन्ही गोष्टी एका छपराखाली आल्या, म्हणजे गिऱ्हाईक आपले होते. हा धडा लक्ष्मणरावांना पुढे नांगराच्या वेळी फार उपयोगी पडला. शिवाय या दुकानात जोखीम बेताची होती. एका भावाचा पगार चालू होता आणि दुसरा दुकान सांभाळीत होता. धंद्यात उडी घ्यावी असे म्हणणारे पुष्कळ असतात. हे दोघे पायरी पायरीने पाण्यात उतरले.

मुंबईच्या नोकरीचा शेवट मात्र कडू झाला. बढतीचा प्रसंग आला तेव्हा ती लक्ष्मणरावांस न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. परकी राजवटीत हे नेहमीचेच होते आणि बहुतेक लोक ते गिळून पेन्शनची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास भावाकडे आले. अपमानाच्या भरात नोकरी सोडणे शहाणपणाचे नव्हे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. लक्ष्मणरावांच्या बाबतीत एवढेच पाहावे की, राजीनामा देताना त्यांच्यामागे एक चालते दुकान होते.

बेळगावास आल्यावर सायकलींच्या जोडीला पाणी ओढण्याच्या पवनचक्क्यांची विक्री सुरू झाली. परक्या मालाचे अडते राहून पोट भरले असते. तथापि आरेखन शिकविलेल्या माणसाला दुसऱ्याचे यंत्र पाहिले की आपणही ते करावे असे वाटल्यावाचून राहत नाही. एका लहानशा कर्मशाळेत त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. कडबा आख्खा टाकला की गुरे पाने खातात आणि ताटे तुडवितात. तोच बारीक कापून घातला तर नासाडी कमी होते व वैरण पुरते. दुष्काळाने पोळलेल्या मुलखात या यंत्राची गरज सहज पटण्याजोगी होती. त्यानंतर त्यांनी हात घातला तो लोखंडी नांगराला.

आपल्याकडचा लाकडी नांगर गावचा सुतार घडवीत असे आणि त्याबद्दल त्यास बलुते मिळे. काळ्या जमिनीत हरळी व कुंदा माजला की या नांगराला बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपाव्या लागत, आणि तरीही मुळ्या तुटून वर येत, खालचा गड्डा जागीच राही. लोखंडी नांगर माती खोल कापतो आणि उलटून टाकतो. मुळ्या उन्हात पडून वाळतात. यंत्रविद्येच्या दृष्टीने त्याचा फायदा निर्विवाद होता. लक्ष्मणरावांनी नांगर ओतले, जुळविले, रंगवून ठेवले. आणि ते तसेच पडून राहिले.

लोखंड लागले की जमिनीत विष भिनते आणि पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे वाचकांनी नुसती वाचून पुढे जाऊ नये. लोखंड, कोळसा व मजुरी यांत रोकड घातलेली, माल डोळ्यांसमोर छपराखाली उभा, घरात मुलेबाळे, आणि गावातील शहाणी माणसे येता-जाता विचारणार की नांगर किती खपले. बुडीत धंद्यात पैशाहून ही विचारपूस माणसाला अधिक खचविते.

पुष्कळ चरित्रकार या ठिकाणी शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेवर कोरडे ओढतात. आम्ही खेड्यातील शाळांत नोकरी केली आहे, आणि आम्हांस ते मान्य नाही. ज्याचे एक साल फुकट गेले की जमीन सावकाराकडे जाते, त्याने नव्या वस्तूस भ्यावे यात मूर्खपणा कसला? शहरातल्या माणसाने केलेला प्रयोग त्याने आपल्या पोटाच्या जमिनीवर का करावा? लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला नावे ठेवली नाहीत. त्यांनी वाट पाहिली व पटवीत राहिले. ज्याने एकदा नांगर लावून पाहिला त्याचे पीक शेजाऱ्याने पाहिले, आणि विषाची समजूत हळूहळू मागे पडली. बेळगावातल्या शिकाऊ सायकलस्वारांपेक्षा हे गिऱ्हाईक अवघड होते, पण रीत तीच होती.

नांगराचा जम बसू लागतो न लागतो तोच नवे संकट उभे राहिले. बेळगावात कारखाना होता तेथे गावाची नवी वस्ती व्हावयाची ठरली आणि जागा सोडण्याचा प्रसंग आला. भट्टी, यंत्रे, ओतकामाचे साचे हे सामान काही बिऱ्हाडासारखे हातगाडीवर घालून नेता येत नाही. वीस-बावीस वर्षांच्या खटपटीनंतर, वयाची चाळिशी गाठलेली असताना, लक्ष्मणरावांच्या पायाखाली स्वतःची म्हणावी अशी जमीन उरली नव्हती.

या वेळी मदतीस आले ते औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार असलेला आणि सूर्यनमस्काराचा प्रसार करणारा हा राजा १९०९ साली गादीवर आला होता. औंध येथील देवळाच्या सभामंडपाचे काम त्याने लक्ष्मणरावांकडे सोपविले होते. म्हणजे माणूस कसा काम करतो हे त्याने आधी पाहिले होते. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्याने कारखान्यासाठी आपल्या संस्थानात जागा दिली आणि कर्जही दिले. अशी मदत कोणी दारात येऊन देत नाही. ती आधीच्या कामातून मिळत असते. देवळाचा मंडप हा काही किर्लोस्करांचा धंदा नव्हे, पण हाती आलेले ते काम त्यांनी नाकारले नाही, आणि त्यातूनच पुढचा दरवाजा उघडला.

जागा मिळाली ती कुंडल रोड स्टेशनाजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात. बत्तीस एकर माळ, त्यावर निवडुंगाची दाटी आणि त्या निवडुंगात नाग. कोणा शेतकऱ्याने ती फुकटही घेतली नसती. पण शेजारून रेल्वे जात होती, आणि कच्चे लोखंड आणणाऱ्यास व तयार नांगर धाडणाऱ्यास सुपीक मळ्यापेक्षा रेल्वेचा धक्का अधिक मोलाचा. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे बरोबर होती. निवडुंग तोडून, साप मारून, झोपड्या घालून वसाहत उभी राहिली. भारतातील पहिल्या काही नियोजित औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते.

या वसाहतीत जमलेली माणसे पाहिली तर एखाद्या सभ्य कचेरीने त्यांतल्या निम्म्यांना दारात उभे केले नसते. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्रांच्या नव्या कल्पना सुचण्यात अग्रेसर. के. के. कुलकर्णी परीक्षांत अपयशी व भटक्या वृत्तीचे. ते वाडीचे व्यवस्थापक झाले आणि पडेल ते काम करू लागले. शंभूराव जांभेकर हे एकाच वेळी इंजिनियर, आगीचा बंब चालविणारे व वैद्य. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि सर्व जमाखर्च त्यांच्या हाती गेला. रात्रीची राखण कोणाकडे? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या एके काळच्या दरोडेखोरांकडे. त्यांच्यावर टाकलेला विश्वास त्यांनी राखला. पुढे १९३९ साली याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. लक्ष्मणरावांनी त्याच्या कितीतरी आधी आपल्या कारखान्याच्या किल्ल्या अशा हातांत दिल्या होत्या. वाडीत अस्पृश्यता पाळू दिली जात नसे. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे वाक्य आम्ही जाणूनबुजून घातले आहे. त्या काळी पाणवठ्यावर जात विचारणाऱ्या समाजात राहून भट्टीवर ती न विचारणे, यास धैर्य लागत होते.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंडाची आवक आटली आणि ओतशाळा बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा वितळविण्यास दिल्या. त्या तोफांचे नांगर झाले. युद्धानंतर, १५ जानेवारी १९२० रोजी, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी नोंदली गेली आणि घरचा धंदा भागधारकांचा झाला. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघाले. पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्याला 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) अशा भावंडांची जोड मिळाली. आपल्या पिढीच्या पुष्कळ घरांत नांगराआधी ही मासिकेच पोचली.

१९३० नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. ज्याच्या धान्याला भाव नाही तो नांगर कशाला घेणार? एकाच मालावर उभ्या असलेल्या कारखान्याची ही कसोटी होती. त्या वेळी लोखंडी खुर्च्या-कपाटांसारखे सामानही वाडीत तयार झाले. पंपाचे काम १९२६ पासून चालू होतेच. पुढे ओलिताच्या शेतीबरोबर तेच वाढले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन १९२६ साली परत आले, त्यानंतर नव्या पिढीचा हात लागला. हरिहरचा लेथचा कारखाना १९४१ चा, खडकीचा तेलइंजिनांचा व बंगळूरचा विद्युत यंत्रांचा हे दोन्ही १९४६ चे. त्यांची हकीकत शंतनुरावांच्या चरित्रात यावयाची. आम्ही ती येथे वाढवीत नाही.

आता रामूअण्णांकडे परत येतो. मुंबईस जाण्याच्या वेळी वडिलांसमोर धाकट्याची बाजू त्यांनी घेतली. चित्रकला फसल्यावर त्यांनी पाठ फिरविली नाही. नोकरी सुटल्यावर दुकानात जागा दिली, आणि विकला न जाणारा नांगर छपराखाली उभा असताना तेच जोडीला होते. लक्ष्मणरावांच्या अंगी यंत्राची बुद्धी जन्मजात होती हे खरे. पण अशी बुद्धी असलेली मुले आम्ही दर वर्षी वर्गात पाहिली, आणि बहुतेकांच्या घरी रामूअण्णा नव्हते. आपल्या मंडळाचा विद्यार्थी साहाय्यक निधी कॉलेजच्या फीसाठी पैसे देतो. एखाद्या मुलाने जुना लेथ घेण्यासाठी अर्ज केला तर त्यास नियमात जागा नाही. ज्या घरात एकच मिळवता आहे त्याने सगळी पुंजी मुलाच्या धंद्यात घालावी, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. बुडाले तर सांभाळणार कोण? म्हणूनच हा भार एका घरावर न टाकता मंडळाने अंशतः उचलावा, असे आमचे मत आहे. सायकलीच्या दुकानाएवढे लहान काम आधी करून दाखविलेल्या, पहिला तोटा हिशेबासकट कार्यकारिणीपुढे मांडू शकणाऱ्या मुलास थोडे बिनव्याजी कर्ज द्यावे. वार्षिक सभेत हा ठराव आम्ही आणणार आहोत. विरोध होईल हे ठाऊक आहे. तो सभेत व्हावा, बाहेर नको, एवढीच विनंती.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्या वेळी ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. बेळगावात जेथे दोघा भावांनी सायकली विकल्या त्या गावी एका रस्त्यास किर्लोस्करांचे नाव आहे. कुंडल रोड हे स्टेशनचे जुने नाव आता कोणास आठवत नाही; पुण्याहून मिरजेस जाणारी गाडी तेथे थांबते तेव्हा फलाटावर किर्लोस्करवाडी अशी पाटी दिसते.